मुंबईजवळच्या फ्लोवाल्या वाटा: माउंटन बाइकवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात राहतो. वय पन्नाशीच्या पलीकडे. गेली बारा-तेरा वर्षं दर रविवारी पहाटे घरच्यांची झोपमोड करत सायकल लिफ्टमध्ये कोंबतो. त्यामुळे सोसायटीतली पोरं, ऑफिसातले सहकारी, भाचेमंडळी सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच लिहून काढलं.

फ्लो फ्लो म्हणतात ते नक्की काय असतं?

उतारावर पेडल मारायला लागत नाही, ब्रेकही जेमतेम लागतो, आणि सायकल एका वळणातून पुढच्या वळणात आपसूक शिरत राहते, अशा वाटेला फ्लो आहे असं म्हणतात. मध्ये कुठे धपकन खाली पडायचं नाही, कुठे अचानक थांबायचं नाही. मुद्दाम बांधलेल्या ट्रेलवर वळणाच्या बाहेरच्या अंगाला मातीचा कलता काठ असतो, त्याला बर्म म्हणतात. सरळ तुकड्यात लाटांसारखे उंचवटे असतात, ते रोलर. वाट मध्येमध्ये थोडी वर चढते, त्यामुळे ब्रेक न लावताच वेग मोडतो.

ट्रेल बांधणारे दोन ठोकताळे पाळतात. सरासरी उतार दहा टक्क्यांच्या आसपास ठेवायचा, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर दहा मीटर खाली. आणि डोंगराच्या अंगाचा जो उतार असेल, त्याच्या निम्म्याहून वाटेचा उतार जास्त नको. दुसरा नियम ऐकायला पुस्तकी वाटतो, पण त्याचं सगळं गणित पाण्याचं आहे. वाट अंगाला आडवी गेली की पावसाचं पाणी ती ओलांडून खाली निघून जातं. वाट सरळ खाली गेली की पाणी त्याच वाटेने धावतं, आणि दोन पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होतो. मुंबईत वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. त्यामुळे आपल्याकडे हा नियम मोडणाऱ्या वाटेची शिक्षा फार लवकर होते.

मग असा बांधलेला ट्रेल मुंबईजवळ कुठे आहे?

कॅनडातले व्हिडिओ बघून तसंच काही शोधायला निघालात तर हिरमुसून परत याल. इथे मी ज्या ज्या वाटेवर सायकल घातली, ती आधी दुसऱ्या कोणाची तरी होती. गुरांची, देवाला जाणाऱ्यांची, वनखात्याच्या जीपची. आपण त्यांच्या मागून आलेले.

त्यातल्या त्यात ढोरवाट सगळ्यात गोड. माणूस घाईत असतो, तो डोंगर सरळ कापत वर जातो. गाय तसं करत नाही. ती अंगाअंगाने, आडवी, चरत चरत चढते. वर सांगितलेले दोन्ही नियम ती कोणाकडून न शिकता पाळते. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर दोनशे मीटर गुरांनीच पाडलेले आहेत, आणि मध्ये शेण असलं तरी माझी तक्रार नाही.

दुसरं म्हणजे आपला भूगोल. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा डोंगर. कोकणाच्या बाजूला तो एकदम तुटतो. वरून खाली यायच्या वाटा म्हणजे नाळा, घळी, दगडांच्या उतरंडी. तिथे सायकल खांद्यावर घेऊन उतरावं लागतं, आणि तो फ्लो नव्हे, ती हमाली. म्हणून शोध तीन जागी घ्यायचा: डोंगराच्या पायथ्याच्या जंगलात, घाटमाथ्यावर, आणि ओहोटीच्या वाळूत. मधला कडा ट्रेकवाल्यांना सोडून द्या.

मी अजून कच्च्या रस्त्यावर कधी गेलोच नाही. सुरुवात कुठून करू?

आरे कॉलनीतून. १९४९ साली गोरेगावात दुधासाठी उभी राहिलेली ही वसाहत. आतले रस्ते डांबरी आहेत, पण चढउतार लांबट आणि खड्डे भरपूर. खड्ड्याला मी इथे वाईट म्हणणार नाही: सीटवरून उठून, गुडघे सैल ठेवून तो पार कसा करायचा हे शिकायला यापेक्षा चांगली शाळा नाही. सकाळी लवकर जा, नंतर गाड्या वाढतात.

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हा दुसरा पर्याय. मुख्य फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत साधारण सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. फाटकाजवळ भाड्याने सायकली मिळतात, पण ब्रेक तपासूनच घ्या. जाताना चढ, येताना झाडांखालून सलग उतार. डांबर असलं तरी फ्लोची पहिली चव अनेकांनी तिथेच घेतली आहे. सोमवारी उद्यान बंद असतं, आणि हे विसरून फाटकावर उभं राहणाऱ्यांत मीही एकदा होतो.

तुंगारेश्वरबद्दल फार ऐकलंय. एवढं काय आहे तिथे?

हं, आता आलात मुद्द्यावर.

वसईच्या पूर्वेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर सातिवलीजवळ फाटा लागतो. वसई रोड स्टेशनपासून दहाएक किलोमीटर धरा. आत जंगलातून तीन-चार किलोमीटरवर महादेवाचं देऊळ आहे. हा सगळा भाग २००३ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला, क्षेत्रफळ पंच्याऐंशी चौरस किलोमीटरच्या घरात. नाक्यावर थांबा, शुल्क भरा, कुठपर्यंत जायला परवानगी आहे ते विचारा. मगच पुढे.

देवळापर्यंतची वाट रुंद आणि कच्ची. ओढे तीन-चारदा आडवे येतात. चढ असा आहे की नवशिक्याला घाम येतो पण उतरावं लागत नाही. खरी मजा परतीची. रुंद वाटेवर पाण्याने आणि चाकांनी मिळून एक नागमोडी पट्टा तयार केलेला असतो, कधी डाव्या अंगाला, कधी उजव्या. तो सापडला की दोन्ही बाजूंचे दगड चुकवत सायकल सळसळत खाली येते. नाही सापडला तर दातावर दात आपटतात. पहिल्या फेरीत तो सापडत नाही हे धरून चाला. त्याच दिवशी पुन्हा वर जा आणि दुसऱ्यांदा उतरा. फरक तुम्हालाच कळेल.

देवळाच्या पुढे जंगलरस्ता डोंगरावर चढत जातो आणि पलीकडे पारोळच्या बाजूला उतरतो. हा चढ निबर आहे. सुटी खडी, मध्ये खडक, उन्हाळ्यात सावलीही विरळ. दोन लिटर पाणी असल्याशिवाय जाऊ नका. पारोळच्या उतारावर एकदा माझा डिरेलर हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा, दगडाला लागून तुटला. पंचवीस ग्रॅमचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, पण त्याच्यापायी सायकल ढकलत सहा किलोमीटर चाललो. शेवटी काकड्यांच्या टेम्पोवाल्याने बसवून घेतलं. तेव्हापासून एक जादा हँगर माझ्या सॅडलखालच्या पिशवीत कायम असतो. प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो, मित्राचा आपल्याला बसत नाही. तुमच्या मॉडेलचा आजच शोधून ठेवा.

श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र टाळा. त्या दिवशी वाट भाविकांची असते, त्यात सायकल घुसवणं बरं दिसत नाही.

राजमाचीला माउंटन बाइक जाते का? किल्ला आहे ना तो?

किल्ल्यावर जात नाही, किल्ल्याच्या पायथ्याच्या गावापर्यंत जाते. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडीपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटरची वाट आहे. घाटमाथ्यावरून जाते, म्हणून वर सांगितलेल्या तीन जागांपैकी दुसरीचं हे उत्तम उदाहरण. मोठा एकसलग चढ नाही, एकसलग उतारही नाही. वर, खाली, पुन्हा वर. डावीकडे झाडी मोकळी झाली की दरी दिसते, आणि पावसाळा संपता संपता कातळधार धबधब्याची रेघ.

फ्लो कुठे आहे म्हणाल, तर मधल्या टप्प्यात, जिथे वाट रानातून जाते आणि जमीन मुरमाची आहे. मुरूम दाबून बसलेला असला की टायर चिकटल्यासारखा धरतो. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये दगड वाढतात, तिथे हात सैल सोडून सायकलला नाचू द्यायचं. हँडल घट्ट धरलंत तर मनगटं घरी येईपर्यंत बोलतील.

गावात जेवण मिळतं, आदल्या दिवशी सांगितलं तर पिठलं-भाकरी गरम. श्रीवर्धन आणि मनरंजन, दोन्ही बालेकिल्ले बघायचे असतील तर सायकल गावात ठेवून पायी जा. आणि एक विनवणी: उधेवाडीहून खाली कोंढाणे लेण्यांवरून कर्जतच्या बाजूला जी वाट उतरते, ती नकाशावर मोहात पाडते. लोणावळा ते कर्जत, सगळा उतार, वा! ती पायवाट आहे, तीव्र आहे, आणि सायकल घेऊन गेलेले लोक चार तास शिव्या घालत उतरलेत. मी त्यांच्यात होतो. वर नाळांबद्दल लिहिलंय ते उगीच नाही.

मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांसाठी इथे रात्री गाड्यांची रांग लागते. त्या दिवसांत रात्री सायकल नको. आपले हजार ल्युमेनचे दिवे काजव्यांच्या कामात व्यत्यय आणतात, आणि ते काम त्यांना वर्षातून पंधरा दिवसच करायचं असतं.

जायचं कसं? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. सायकल गाडीवर टाकून लोणावळ्यापर्यंत जाणं सोपं. खोपोलीहून जुन्या रस्त्याने घाट चढून जाणारे मित्र आहेत माझे, पण ते राजमाचीला पोचेपर्यंत दमलेले असतात आणि मग फ्लो वगैरे काही उरत नाही.

खारघर आणि येऊर?

खारघर टेकडीचा चढ डांबरी, वर पठारावर चाफेवाडी-फणसवाडीच्या आसपास थोड्या पायवाटा. नवी मुंबईकरांना ऑफिसच्या आधी उरकता येईल अशी राइड. पांडवकड्याच्या धबधब्याकडे पावसाळ्यात बंदी असते, तिकडे वळू नका.

येऊर माझ्या घरामागचं, म्हणून माया जास्त. उपवन तलावापासून चढ सुरू होतो, वनखात्याचं फाटक लागतं, वर पाडे. पक्का रस्ता आणि पाड्यांमधल्या वाटा एवढंच आपलं. आतलं जंगल हे राष्ट्रीय उद्यानच आहे, परवानगीशिवाय तिथे सायकल घातली तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली, म्हणजे १९७२ च्या कायद्याखाली, कारवाई होऊ शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी आतल्या वाटेचा जीपीएस ट्रॅक पाठवला तर तो उघडूही नका.

समुद्रकिनाऱ्यावर चालवणं हे काय माउंटन बाइकिंग झालं?

झालं की. ओहोटीला उघडी पडलेली ओली वाळू डांबरासारखी घट्ट असते, आणि तिच्यावरून दोन-अडीच इंची टायर जो आवाज करत जातो तो ऐकायला तरी एकदा जाच.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. मार्च २०२० मध्ये सुरू झाली, साधारण तासाभराचा प्रवास. सायकल बोटीत जाते. मांडव्याहून सासवणे, आवास, किहीम अशा आतल्या रस्त्यांनी नारळी-सुपारीच्या वाड्यांमधून निघायचं आणि जिथे किनारा मोकळा दिसेल तिथे वाळूत उतरायचं. किहीमला सलीम अलींनी १९३० च्या सुमारास सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला होता. वाटेत एखाद्या झाडाला लोंबणारे खोपे दिसले तर दोन मिनिटं थांबा. अलिबागच्या पुढे आक्षी-नागावचा पट्टाही सुरेख.

वेळेचं गणित मात्र चुकवू नका. अ‍ॅप आहेत, पण कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांचा हिशेब मला जास्त आवडतो: तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पहाटे चालवायचं तर हे वाईट. पौर्णिमा-अमावस्येला भरती बाराच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या आसपास. द्वितीयेला ओहोटी साडेसातला. शिवाय त्याच दिवसांत उधाण असल्यामुळे पाणी खूप आत जातं आणि रुंद पट्टा मिळतो. रविवार आणि पौर्णिमा एकत्र आली की कॅलेंडरवर माझी लाल खूण असते. परत फिरताना पाणी वाढत असतं हे लक्षात ठेवा. खाडीच्या तोंडाशी अजिबात धाडस नको.

आणि घरी आल्यावर, अंघोळीच्या आधी, सायकलला गोड्या पाण्याची अंघोळ. खाऱ्या पाण्याने चेन दोन दिवसांत तांबडी होते.

कोणता महिना चांगला?

दसऱ्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत. माती आतून ओलसर, वरून वाळलेली. टायर वळणात रोवून बसतो आणि आपण अचानक फार चांगले चालवायला लागलोय असा गोड गैरसमज होतो. गैरसमजाचा आनंद घ्या, ती करामत मातीची.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला गवत कमरेएवढं असतं, त्यात दगड दिसत नाहीत. कारवीच्या काठ्या हँडलला अडकतात, त्याचा एकदा अनुभव घेतला की माणूस वेग आवरता घेतो. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ नंतर २०२४ मध्ये बोरिवलीच्या जंगलात फुलली, म्हणजे आता २०३२ ची वाट बघायची.

फेब्रुवारीनंतर मुरूम सुटा होतो. वळणात पुढचं चाक निसटतं, जणू डाळीच्या पोत्यावरून चालवतोय. मार्च-एप्रिलमध्ये पळस फुललेला असतो, करवंदं पिकत येतात, ते आकर्षण वेगळं. पण नऊनंतर ऊन जीव खातं. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, मेमध्ये सहाला. त्याप्रमाणे निघा.

पावसात चालवण्याची मजा काही औरच ना?

फोटोत. प्रत्यक्षात काळ्या खडकावर शेवाळ चढलेलं असतं आणि त्यावर जगातला कुठलाही टायर धरत नाही. चिखल चाकात आणि फ्रेममध्ये अडकून सायकल पेडल मारूनही हलत नाही. ओढे तासाभरात चढतात. वरच्या डोंगरात पाऊस पडलेला असतो आणि आपल्या डोक्यावर ऊन. तुंगारेश्वरचे ओढे याबाबत बदनाम आहेत. शिवाय ओल्या वाटेत आपण जी चाकोरी पाडतो, तिच्यातून पुढचे तीन महिने पाणी धावतं. जून ते ऑगस्ट मी डांबरी रस्त्यावर काढतो आणि सायकलचं ओव्हरहॉल उरकतो.

पायाला जखम असेल आणि साचलेल्या पाण्यातून गेला असाल तर डॉक्टरांना तसं सांगा. लेप्टोची भीती मुंबईकरांना वेगळी सांगायला नको.

माझ्याकडे डबल शॉकर सायकल आहे, चालेल?

मॉलमध्ये मिळणारी स्वस्त डबल शॉकर असेल तर चढावर ती पाळण्यासारखी हलते आणि तुमची निम्मी ताकद त्या स्प्रिंगमध्ये जाते. वजनही वीस किलोच्या आसपास. आरेत चालेल, तुंगारेश्वरला रडवेल.

आपल्या वाटांना साधी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉकर असलेली सायकल, पुरते. पुढे शंभर ते एकशेवीस मिलिमीटर दबणारा फोर्क, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, सव्वादोन इंच रुंदीचे टायर. मागचं सस्पेन्शन चांगल्या प्रतीचं घ्यायचं तर पैसे बरेच मोजावे लागतात, आणि ते पैसे मी हेल्मेट, टायर आणि पेट्रोलमध्ये घालीन. शहरी हायब्रिड सायकल असेल तर बारीक टायरवर कान्हेरी आणि किनारा करा, बाकीचं नंतर.

ट्यूब विकत घेताना बाजूवरचा आकडा स्वतः वाचा. एकदा दुकानातून २९ इंची चाकाची सांगून २६ ची ट्यूब माझ्या हातात आली. कळलं कुठे, तर जंगलात.

टायरमध्ये हवा किती भरू?

पेट्रोलपंपावर भरून आणता तेवढी तर नक्कीच नको. फ्लो हरवण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि दुरुस्ती फुकट आहे.

टणक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो. थोडा मऊ टायर खड्याला गिळतो. माझं वजन बहात्तर किलो. २९ च्या सव्वादोन इंची ट्यूबलेस टायरमध्ये मी पुढे २२ ते २४ आणि मागे २५ ते २७ पीएसआय ठेवतो. ट्यूब असेल तर २८ ते ३२, नाहीतर दगडाच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटून दोन भोकं पडतात. वाळूत १५-१८ पर्यंत उतरवा. वजन जास्त असेल तर दोन-तीन आकडे वाढवा. हातपंपाला गेज असू द्या, अंगठ्याने दाबून काही कळत नाही.

बाभळीचे काटे आपल्याकडे मुबलक, म्हणून ट्यूबलेस खरंच फायद्याचं. पण इथल्या उष्म्यात सीलंट, म्हणजे भोकं बुजवायला टायरमध्ये घातलेलं द्रावण, लवकर सुकतं. दोन-तीन महिन्यांनी टायर हलवून बघा, आत खळखळ ऐकू आली पाहिजे.

उतारावर माझी गाळण उडते. काय करू?

सीट खाली करा. एवढं करून बघा आधी. सीट उंच असली की अंग खाली-मागे नेता येत नाही आणि सायकल उलटी फेकेल असं वाटतं.

मग उभे राहा, दोन्ही पेडल एका पातळीत, वजन पायांत, कोपर बाहेर. नजर चाकासमोर नको, दहा-पंधरा मीटर पुढे. ब्रेकवर एकच बोट. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात सोडून द्या. वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक सुटतंच. बहुतेक सायकलींवर पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, पण भाड्याच्या सायकलवर निघण्यापूर्वी तपासा.

रोलरसारखा उंचवटा आला की झोका आठवा. उभं राहून झोका घेताना आपण खाली येताना गुडघे वाकवतो आणि तळाशी जोर लावतो, तसंच. उंचवट्यावर अंग हलकं, पलीकडच्या उताराला पायांनी दाब. पेडल न मारता वेग वाढतो. पोरांना हे दोन मिनिटांत जमतं. मला दोन हिवाळे लागले.

लोकलमध्ये सायकल नेता येते का?

सामानाच्या डब्यातून, सामानाचं तिकीट काढून. गर्दीच्या वेळेला विचारही करू नका. रविवारी पहाटेची पहिली-दुसरी गाडी, दोन्ही चाकं काढून एका पिशवीत, हे सगळ्यांना सोयीचं. त्या डब्यातल्या भाजीवाल्या मावशींच्या टोपल्यांना चेन लागणार नाही असं ठेवा. मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गिकांवर २०२२ पासून सायकल नेऊ देतात, दहिसर-अंधेरी पट्ट्यातल्यांना नॅशनल पार्क आणि आरे त्यामुळे सोपं झालंय.

बिबट्या?

आहे. बोरिवली, येऊर, आरे, तुंगारेश्वर, सगळीकडे. तेरा वर्षांत मला दोनदा दिसला, दोन्ही वेळा त्याची पाठ. पहाटे अंधारात आणि संध्याकाळी उशिरा जंगलातून जाऊ नका, एकट्याने तर नाहीच. कानात गाणी नकोत. दिसला तर थांबा, पळू नका, वाकू नका, सायकल मध्ये धरून उभे राहा आणि त्याला जायला जागा द्या. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे.

मला बिबट्यापेक्षा घोणस आणि फुरशाची धास्ती जास्त वाटते. वाटेकडेला दगडावर बसताना आधी बघा, लघवीला गवतात शिरू नका. साप चावला तर कापाकापी, चोखणं, दोरी आवळणं काही नको. अवयव स्थिर ठेवून १०८ ला फोन आणि थेट मोठं रुग्णालय.

आणि खरं सांगू? माझ्या पोटरीवर असलेला एकमेव व्रण कुत्र्याचा आहे. पाड्यावरचे कुत्रे मागे लागले की उतरून सायकल मध्ये घेऊन चाला. पळालात तर शर्यत ते जिंकतात.

गावातून, पाड्यातून जाताना काही नियम?

घंटी नको, हाक द्या. "येतोय हां मावशी", "काका, जरा बाजूने जातो". डोक्यावर लाकडाची मोळी किंवा पाण्याचा हंडा असलेल्या बाईसाठी आपण उतरायचं, तिने नाही. भातखाचराच्या बांधावरून सायकल चालवू नका. बांध फुटला तर कोणाचं तरी पाणी जातं. गुरं समोर आली तर थांबा, ती पाडलेली वाट त्यांचीच आहे. पोरांना चॉकलेट वाटत सुटू नका. त्यापेक्षा त्यांना एक चक्कर मारू द्या. सीट त्यांना उंच पडते, तरी चालवतात, आणि तुमच्यापेक्षा बरं चालवतात.

आम्ही मित्रांनी फावडी घेऊन स्वतःच एखादा ट्रेल काढला तर?

वनजमिनीवर गुन्हा, खाजगी जमिनीवर भांडण. कोणाच्या मालकीची जमीन असेल, त्याची लेखी संमती असेल, तर आनंदाने. तेव्हा आधी पावसाळ्यात एकदा जाऊन पाणी कुठून धावतं ते बघा, आणि खुणा करा. मग ऑक्टोबरात माती ओली असताना खणा. बर्मला नुसता मुरूम पुरत नाही, चिकण माती मिसळून धुमसाने ठोकावी लागते. आम्ही बदलापूरकडे एका मित्राच्या शेतात साठ मीटर केलं होतं. पहिल्या जुलैत चाळीस वाहून गेले.

खायला काय बरोबर घ्यावं?

महागड्या जेलची गरज नाही. वसईची सुकेळी, लोणावळ्याची शेंगदाण्याची चिक्की, नाहीतर घरचा गूळ-शेंगदाणा. पाण्याच्या एका बाटलीत कोकम आगळ, मीठ आणि चिमूटभर साखर. दर वीस मिनिटांनी दोन घोट, तहान लागायची वाट न बघता. दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे किती गेला ते कळत नाही. मिसळ राइड संपल्यावर. आधी खाल्लीत तर चढावर तिची पुन्हा भेट होते.

एकटं जाऊ की नको?

जंगलात नको, किनाऱ्यावर हरकत नाही. तिघं उत्तम: एक पडला तर एक त्याच्यापाशी थांबतो, एक मदत आणतो. तुंगारेश्वरच्या आत आणि राजमाचीच्या वाटेवर फोनला रेंज जातयेत असते, म्हणून घरी वाट आणि परतायची वेळ लिहून ठेवून जा. मी फ्रिजवर चिठ्ठी लावतो. बायको त्या चिठ्ठीच्या खाली येताना आणायच्या भाजीची यादी लिहून ठेवते, तिचा फोटो काढून घ्यायचा मात्र मी हमखास विसरतो.